काच धुण्याचं पाणी

ऊसिकाउपुंकीला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
त्या अंधारात ट्यूबलाइटखाली
माझा बाप, ताउनो,
बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडालेला असायचा.

गाडी जुनी साब.
चढाला टर्बो फुगला की तिच्या पोटात
कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खिळे हलवायचं.
"ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं पेट्रोल पेटतंय,"
बाप म्हणायचा,
"तापट माणूस जसा. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही."

मग त्याने इंजिनाला पाणी पाजायचं ठरवलं.
टाकी काच धुण्याची, पंपही तोच,
नळी कुठल्याशा मोडीत निघालेल्या होडीवरची,
आणि एका पितळी बोल्टला अर्ध्या मिलिमीटरचं भोक.
तीन ड्रिल मोडली.
चौथ्या वेळी त्याने श्वास धरला, मीही.

थंडीत गोठू नये म्हणून पाण्यात अर्धं स्पिरिट.
दाब चढला की स्विच पडणार,
धुक्याचा एक बारीक फवारा
हवेचा हात धरून आत जाणार
आणि वाफ होता होता
आगीचा माज उतरवणार.

ओस्मो कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. पेट्रोलपंप त्याचा.
"जन्मभर पेट्रोलमधलं पाणी काढलं मी," तो म्हणाला,
"आणि तू विकत घेतल्यासारखं घालतोयस."

पहिल्याच चढाला खिळे गप्प.
बापाने गाडी कडेला घेतली,
डिस्ट्रिब्युटर दोन अंश पुढे सरकवला,
पुन्हा चढ. पुन्हा गप्प.
आणखी एक अंश.
आमच्या घरात कुणी गात नसे.
त्या दिवशी येताना त्याची बोटं स्टिअरिंगवर वाजत होती.

मी नऊ वर्षांची.
काच धुणं माझ्याकडे होतं.
शेजारच्या सीटवरून हात लांबवून दांडी ओढायची,
दोन धारा उडायच्या, कमानीसारख्या,
स्पिरिटचा वास आत यायचा.

मार्चमध्ये आम्ही पिर्क्को आत्याकडे निघालो.
रस्त्यावर वितळत्या बर्फाचा राडा,
पुढे लाकडांचा ट्रक, काच सारखी तपकिरी.
मी ओढली दांडी. पुन्हा ओढली.
खरं तर काच दिसत होती नीट,
धारांवर ऊन पडलं होतं म्हणून
मी ओढतच राहिले.

लाइटिलाच्या चढावर बापाने ट्रकला मागे टाकायला पाय दाबला.
खिळे वाजले.
मग एकच ठोका, जाड, उशीत बुक्की मारावी तसा.
मागे निळा धूर.

मेहनतीवर पाणी पडलं असं म्हणतात.
आमचं पडलं नाही,
म्हणून गेली.

हेड उघडलं त्या रात्री मी पायरीवर बसून होते.
तीन पिस्टन वाफेने खरवडलेले,
काजळीचा डाग नाही, नव्या नाण्यासारखे.
चौथ्याच्या टाळूला भोक,
माझी करंगळी आरपार जाईल एवढं.
बापाने ती घालूनही बघायला लावली.
"किती स्वच्छ आहेत बघ," म्हणाला. चौथ्याबद्दल काही नाही.
बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिला.
"दोन टाक्या हव्या होत्या. एवढं साधं."

मी सांगितलं नाही.
त्याने विचारलं नाही.

तो पिस्टन उलटा करून माझ्या टेबलावर आहे.
पेनं ठेवते त्यात. एखादं
खालच्या भोकातून हमखास निसटतं.

आता माझ्या गाडीला इंजिनच नाही,
बॅटरी आहे, गुपचूप चालते.
तरी चढाला पुढे ट्रक आला,
काच तपकिरी झाली,
की दांडीवर बोट थांबतं.
मी आधी कान देते.
समोरचं काही दिसत नसतं तेव्हाही,
थोडा वेळ,
तशीच चालवते.