भाऱ्याला लागलेला हात

भांडण झालं ते सतरंजीवरून.
मी दिलेली, निळ्या पट्ट्यांची, वेचणीच्या पैशातून घेतलेली.
नाताळच्या जेवणात कुणीतरी तिच्यावर निखारा सांडला
आणि रिबकाबाई म्हणाली, जळली तर जळली,
देवाले देल्ल्या वस्तूचा हिशेब ठेवतं काय वं?
सगळ्यांसमोर म्हणाली.
सगळे म्हणजे अकरा माणसं, आणि दारातली बकरी.

मी जाणं सोडलं.
देव काय पत्र्याच्या त्या एका खोलीतच राहतो?
माझ्या चुलीपाशीही बसतो,
आणि गोठा तर त्याच्या जन्मापासून ओळखीचा.

पुण्याच्या लेकानं मोबाइलवर उपासना लावून दिली.
उपदेश चांगला असायचा, खोटं कशाला बोलू,
आमच्या पाळकांपेक्षा कितीतरी बरा.
त्यांचा अर्धा जीव दिग्रसच्या एसटीत अडकलेला,
मोबाइलमधल्या माणसाला कुठली गाडी धरायची नव्हती.
फक्त त्याला माझा खोकला ऐकू येत नव्हता.
गाता गाता मी मध्येच थांबले
तर तिकडे कुणी वळून बघत नव्हतं.
नऊ रविवार असे गेले.

एकदा पाळक घरी आले.
चुलीतला निखारा वेगळा काढला की विझतो, म्हणाले.
मी म्हटलं, साहेब,
निखाऱ्याचं नाव तेवढं माझ्यापुढे काढू नका.
चहा पिऊन गेले बिचारे.

मग फाल्गुनात पऱ्हाट्या उपटल्या.
चिमट्यानं हातांना फोड आले, पण वावर मोकळं झालं.
भारा बांधला, चुंबळ केली,
आणि उभी राहिले त्याच्याकडे बघत.
डोक्यावर असला की कोसभर चालेन, दमणार नाही.
पण जमिनीपासून डोक्यापर्यंतचं ते चार हात अंतर
एकटीच्यानं होत नाही.
धुऱ्याला टेकवून पाहिला. बाभळीला टेकवून पाहिला.
दोनदा घसरला, कोपर सोलून गेलं.

कालव्याकडून रिबकाबाई येत होती.
थांबली. हातातली कॅन खाली ठेवली.
धर वं, म्हणाली.
एक बाजू तिची, एक माझी,
मध्ये पऱ्हाट्या, आणि तिच्या तोंडाचा कांद्याचा वास.
भारा वर आला.
ना तिनं सतरंजीचं काढलं, ना मी.
दहा पावलं गेले तेव्हा मागून आवाज आला,
तुहा खोकला लय दिसाचा हाय,
रातचा माया घरापर्यंत येते.
अडुळशाचा काढा घेत जाय.

मान वळवता येत नव्हती.
डोक्यावर ओझं असलं की ते एक बरं असतं.

रविवारी गेले.
सतरंजी तीच. जळल्या जागी लाल ठिगळ,
टाके वेडेवाकडे, म्हणजे रिबकाबाईचेच.
मी नेमकी त्याच्यावर बसले.
शेजारी लाजरसबुवा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
कान त्याहून अधू, म्हणून देवाशी ओरडून बोलतो.
प्रार्थनेची पाळी त्याची आली.
पाऊसपाणी मागितलं, नातवाची नोकरी मागितली,
बकरीचं पोट फुगलंय तेही सांगितलं, मग म्हणाला,
बापा, थ्या सतरंजीवाल्या बाईले घेऊन ये परत.
वरचा सूर कोणी लावत नाई तिच्याबिगर,
अन् मले शेवटची ओळ कोणी कानात सांगत नाई.

मी वीतभर अंतरावर बसलेली.
कुणी त्याला सांगितलं नाही.
कुणी हसलंही नाही. रिबकाबाईचा पदर मात्र
तोंडावर होता आणि खांदे हलत होते.
त्याच्या बोलण्याला इतका सराव होता
की नऊ रविवार हेच मागून झालं असणार.

बुवा थांबला.
उन्हानं पत्रा एकदा तडतडला.
सगळे मला जागा देत असल्यासारखे गप्प.
तेव्हा मीच म्हटलं आमेन,
जरा मोठ्यानं,
त्याच्या कानाशी तोंड नेऊन.