निशाणी नांगर

मतदान अधिकारी क्रमांक दोन म्हणजे मी.
शाईची बाटली माझी, सही-अंगठ्याचं रजिस्टर माझं.
जनकगंजातली शाळा, चौथी ब चा वर्ग.
फळ्यावर कुणी ससा काढून ठेवला होता,
केंद्राध्यक्षांनी तो पुसायला लावला:
न जाणो, एखाद्या अपक्षाचं चिन्ह असायचं.

मामंजी मोडी वाचतात.
लष्करात आता असे दोघंच,
त्यातल्या दुसऱ्यांना मोतीबिंदू.
मागच्या आठवड्यात कुणाचातरी रुमाल सुटला,
आत एक महजर,
गोदेकाठच्या कुठल्याशा गावाचा.
घोडदळाबरोबर, भांड्याकुंड्यांबरोबर
कागद इतका वर आला,
गाव तिकडेच राहिलं.

दोन गावांची शीव, मध्ये ओढा.
गोत देवळात बसलं.
खरे सांगावे, न सांगाल तर
बेचाळीस पूर्वज नरकात.
आणि खाली, सह्यांच्या जागी,
"हत्यारं बघ," मामंजी म्हणाले.
एकोजी कुणबी, निशाणी नांगर.
मालशेट, तराजू.
सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा,
चांभाराची आरी, जराशी तिरकी,
हात थरथरला असेल.
अगदी तळाशी, कागद संपता संपता,
राघनाक, निशाणी विळा-दोर.
शीव त्यानेच चालून दाखवली होती.
निकाल त्याच्या पावलांवर झाला
आणि तो बसला देवळाबाहेर, उन्हात.
हे कागदात नाही.
हे मामंजी बोलले, चष्मा पुसत.

बाईचं हत्यार मी शोधलं.
जातं, सुई, निदान विळी.
कागद उलटून मागूनही पाहिलं.

इथे रांगेत मान कुणाचाच नाही.
सराफ्यातले शेठ घाम पुसत
झाडूवालीच्या नवऱ्यामागे उभे.
बायकांची रांग तर पार पाणपोईपर्यंत.

अकराच्या सुमारास एक म्हातारी आली.
सुपं विणणारी,
बोटं बांबूच्या कापांनी भरलेली.
शाई कुठे लावू, मला कळेना.
तिने मोठ्याने विचारलं,
"बिन्ना, इत्ते में हमाओ निसान कौन सो है?"

पोलिंग एजंट तिघेही ताठ झाले.
केंद्राध्यक्ष म्हणाले, "अम्मा, हम नहीं बता सकते."
नियमच आहे तसा.
पण तिने पक्ष विचारला नव्हता.
त्या कागदावर असती तर
सूप काढलं असतं तिने, चार रेघांत.

ती पुठ्ठ्याआड गेली.
गोतात सगळं सगळ्यांदेखत व्हायचं.
राघनाकाला असा एक पुठ्ठा
कधी हवासा वाटला असेल का?
लांब शिट्टी वाजली.
काचेमागे सात सेकंद कुणाचं तरी चिन्ह,
मग चिठ्ठी तुटून पेटीत.
काय दाबलं, मला माहीत नाही.
मला माहीत नसणं, हेच माझं काम.

चारला मामंजी आले.
बोटावरची रेघ त्यांनी
कागद धरावा तशी उजेडाकडे धरली.
मग रजिस्टरात मोडीत सही केली, टाक न उचलता.
एजंट पुढे वाकला, "ये क्या है?"
"नाम है," मी म्हटलं.

त्याच पानावर, वर, म्हातारीचा अंगठा:
मधोमध एक आडवी पांढरी चीर,
बांबूने कापल्याची.
पुढे कधी कुणी हे पान उघडलं
तर दोन्ही वाचता येणार नाहीत.

मी पुढचा अनुक्रमांक लिहिला.