शेरा : निरंक

माघ सरताना नदी अंग चोरते.
दहिसरला पुलाखाली तिला नाला म्हणतात,
इथे वर, जंगलात, ती अजून नदी आहे.
एका डोहातून दुसऱ्या डोहात जाताना
मधले चार दगड कोरडे सोडते, एवढंच.

सकाळी सातला मी पट्टी वाचतो.
पाणी कालच्यापेक्षा अर्धं बोट खाली.
पारा सोळावर, वारा उत्तरेचा,
धुकं सागाच्या गुडघ्यापर्यंत.
दुपारी हाच पारा तेहेतीसला टेकेल
आणि वारा कूस बदलून
खाडीचा खारा वास घेऊन वर चढेल.
रकाना दोन बोटांचा. मावत नाही.

नव्या साहेबांचा निरोप आलाय :
शेऱ्यात पानंफुलं लिहू नका, आवटे.
काही घडलं नसेल तर निरंक लिहावे.

घडलं नाही तसं काही.
काटेसावरीची फुलं पडतात धप्पकन,
ओल्या चपलेसारखी,
खाली एक भेकर ती चघळत उभं.
तांबट पहाटेपासून भांडं ठोकतोय,
गिऱ्हाईक नाही.
कुसुमाची पालवी इतकी लाल
की पहिल्या वर्षी मी वणवा समजून
फॉरेस्टवाल्यांना फोन केला होता.
ते अजून हसतात.

जिवी वरठा हंडा घेऊन उतरते पाड्यावरून.
डोहाचं पाणी घेत नाही, त्यात पानं कुजलीत.
कोपरापर्यंत वाळूत हात घालते,
झिरा उकरते, करवंटी बाजूला ठेवते
आणि बसून राहते.

आटली की गं, मी म्हणतो.
"आटली नाय ती. खाली निजली."

पाणी येतं. आधी गढूळ.
मग तिच्या बांगडीचा हिरवा दिसेल इतपत.
मग तिचा चेहरा, त्याच्यामागे
फांद्या, एकही पान नसलेल्या.

हे पाणी माझ्या पट्टीवर कुठेच नाही.
किती असेल खाली?
करवंटीनं हंड्यात ओतता ओतता ती सांगते,
यंदा शिवण लवकर फुलली.
करंज फुलेस्तोवर पुरेल.
पुढचं नाय सांगत.

चौकीवर परतलो तर वहीवर
आंब्याच्या मोहराचा चिकटा गळलेला,
दोन पानं एकमेकांना धरून बसलेली.
सोडवली. आतून एक मुंगी निघाली,
कालच्या तारखेवरून आजच्या तारखेवर गेली
आणि टेबलाखाली उतरली.

शेरा : निरंक. शाईनं.

मग कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं,
खोडता येईल इतकं बारीक :
करंज.