तिसऱ्या मालकास

किल्ल्या दोन आहेत. एक जराशी वाकलीय,
पण डिकी तिनेच उघडते.

डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही आहे.
पहिली त्रेसष्ट पानं कारखानीसांची.
त्यांना मी पाहिलेलं नाही. सानपाड्याच्या घरी
त्यांच्या बायकोने कागद दिले, चहा दिला,
आणि किंमत सांगताना खिडकीबाहेर पाहिलं.
वहीत मात्र ते भेटत राहिले:
"ऑइल बदलले. ४१,२०० किमी. आवाज समाधानकारक."
"मागील डावे चाक, हवा कमी. खिळा नव्हे, वय."

पुढची बावीस माझी. अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

आधी विमा नावावर कर.
चौदा दिवस मिळतात. मी एकविसाव्या दिवशी पोचले,
तर वाशीच्या ऑफिसातली मुलगी स्टेपलर शोधता शोधता म्हणाली,
"या आठवड्यात गाडीला काही झालं असतं ना मॅडम,
तर आमच्या लेखी तुम्ही कुणीच नव्हतात."
कारखानीसांनी सहा वर्षं क्लेम केला नव्हता,
हप्त्यात निम्मी सूट होती त्यांना.
ती गाडीबरोबर येत नाही.
ज्याचं पुण्य त्याचं. आपण शून्यापासून.

मेस्त्री रोहिदास घरत. तुर्भ्याला,
ट्रकांच्या रांगेमागे. पाटी नाही,
झाडाला लाल बंपर टांगलाय तीच खूण.
बोनेटला हात लावण्याआधी तो विचारेल,
"आवाज कंदी येतं? थंड असताना का तापल्याव?"
उत्तर घरून घेऊन जा.
"काहीतरी वाजतंय" म्हणालास
तर तो चहा मागवेल आणि दुसऱ्याची गाडी उघडेल.

काढलेला पार्ट मागून घे, प्रत्येक वेळी.
मला त्याने न मागता क्लच प्लेट दिली होती,
पापडासारखी झिजलेली, वर्तमानपत्रावर ठेवून.
"बाय, ही झीज तुमची नाय. त्या म्हाताऱ्याची हाय.
पाय क्लचवरच ठेवून चालवायचा तो.
उचलायला जर जात असंल, शेवटी शेवटी."
वहीत हे कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

(काल टेस्ट ड्राइव्हला तू क्लच सोडलास
तेव्हा मी खिडकीची कडा धरली होती.
पाय उचल रे. तुला उचलता येतो.)

कूलंट संपलं तर नळाचं पाणी नको.
खाडीचा वारा खालून पत्रा खातो,
दर दिवाळीआधी गाडी वर उचलून बघ.
दारांच्या तळाशी बारीक भोकं आहेत,
टाचणीने मोकळी ठेव, नाहीतर दार आतून सडतं
आणि बाहेरून रंग छानच दिसतो.
आमच्या सीवूड्सचे उंदीर फिनाइलला हसतात.
बॅटरीपाशी तंबाखूची पुरचुंडी बांधलीय,
महिन्याला बदल. वायरिंगचे साडेनऊ हजार
मी एकदा भरलेत, तू भरू नकोस.
भुयारी रस्त्यात पाणी भरून बंद पडली
तर चावी पुन्हा फिरवायची नाही. अजिबात नाही. ढकल.
पाणी प्यालेलं इंजिन बघायला सर्व्हेअर येतो,
भरपूर फोटो काढतो
आणि चूक मालकाची होती असं लिहितो.

पारसिकचा चढ आला की एसी बंद कर.
ती मागणार नाही. पण कर.

का विकता, हे तू विचारलं नाहीस.
तुझ्या वडिलांनी विचारलं, आणि मी म्हणाले, पार्किंग.

पंधरा पानं कोरी आहेत. काटकसरीने लिहिलंस तर
एक लाख किलोमीटरचा आकडा त्यात बसेल.

आणि हो, सनव्हायझरच्या मागे
हॉस्पिटलच्या पार्किंगची पावती अडकलीय,
शाई पूर्ण उडालेली.
त्यांची की माझी, मला सांगता येत नाही.
काढायची तर काढ.