पेटीची उजवी बाजू

मोहरी आपल्याकडे दृष्ट काढायला.
इथं, गारोनच्या काठी, मायलीस ती पाण्यात कालवते,
लाकडी चौकट मळ्यात टेकवून
आत ओतते, दोन खेपांत.
जमिनीला झोंबतं.
गांडुळं वर येतात.

पंधरा मिनिटांत तीन.
ओहोळापलीकडच्या कुरणात, याच चौकटीत,
सकाळी एकेचाळीस.

म्हातारा गिलेम ओळीच्या टोकाला उभा.
त्याच्या घराची भिंत कमरेपर्यंत निळी,
बापाच्या, आज्याच्या फवाऱ्यानं.
"मोरचूद आणि चुना. गावाचंच नाव आहे त्याला.
मी ऐंशीचा झालो.
मेलेलं गांडूळ दाखव मला, एक तरी."

नाही दाखवता येत.
मेलेलं एकही नाही.

प्रयोगशाळेत एक पेटी असते, मधोमध पत्रा.
डावीकडे ही माती, उजवीकडे कुरणाची.
पत्रा काढायचा,
दहा गांडुळं बरोबर फटीवर सोडायची, झाकण लावायचं.
तिसऱ्या सकाळी नऊ उजवीकडे,
दहावं रेषेवर, अर्धं इकडे अर्धं तिकडे.
डावीकडे कुणाला काही झालं नव्हतं,
फक्त तिथं कुणाला राहायचं नव्हतं.

जी नुसत्या डावीकडच्या मातीत कोंडली
तीही जगली.
खाल्लं, थोडं कमी.
वाढली, थोडी उशिरा.
कोष घातले मसुरीएवढे,
अठराच्या जागी सात,
त्यातले दोन नुसतेच कोष.
तक्त्यात 'मृत्यू' या रकान्याखाली
मायलीसनं शून्य लिहिलं,
शाई वाळेपर्यंत त्या शून्याकडे बघत राहिली.

मळ्याला उजवी बाजू नसते.

हे ती गिलेमला सांगत नाही.
वाकून एक पान उचलते, वेलीचं,
तपकिरी, शिरा शाबूत, कडा शाबूत.
"हे कधीचं?"
तो डोळ्यांजवळ धरतो. उलटं करतो.
"ही जात तर मी उपटली," म्हणतो,
"दोन हिवाळे झाले."

बुटाच्या टोकानं सारतो. खाली आणखी.
त्याखाली आणखी, ओल्या कॅटमधल्या पत्त्यांसारखी
एकमेकांना चिकटून,
ज्या वेली आता नाहीत त्यांची पानं,
कुणी खाली ओढून न नेलेली.

तेवढ्यात मायलीस तिन्ही गांडुळं
साध्या पाण्यानं धुते,
मोहरी निघेपर्यंत, एकेक, तळहातावर.
"कुठं सोडू?" विचारते.

गिलेम ओहोळाकडे बघतो.
पान अजून हातातच.