वाढवणे

नंदुरबारच्या फायर स्टेशनात, टाकीमागच्या सावलीत
वळवी साहेबांनी तीन दिवस शिकवलं.
रबरी पुतळ्याची छाती तीसदा दाबायची, मग दोन श्वास.
भाजलं तर वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ बघून.
बर्फ नाही, टूथपेस्ट नाही,
कुणी तुपाची वाटी घेऊन धावलं तर अडवायचं.
चिकटलेलं कापड ओढायचं नाही.
अंगठी, कडं, बांगडी आधी काढायची,
सूज कुणासाठी थांबत नाही.

सगळं वहीत लिहिलं. पेपरात तीसपैकी अठ्ठावीस.

मार्चात मिरचीचं गोदाम पेटलं.
मास्कच्या आतही डोळे सोलून निघाले,
रस्त्यापलीकडची कुत्रीसुद्धा शिंकत होती.
झेलाबाईला बाहेर आणलं. डावा हात कोपरापर्यंत भाजलेला,
मनगटात हिरव्या काचेचा चुडा.
सलीमनं पाण्याचा जार तिरका धरला.
माझ्या हातातली पक्कड बघून
तिनं तोच हात पोटाशी ओढला:
"फोडू नको रे भाऊ, मना धनी जित्ता शे."

वहीत यावर काही नव्हतं.

"फोडत नाही मावशी," म्हटलं, "वाढवतो."
ती माझ्याकडे बघत राहिली, धुरानं लाल डोळ्यांनी.
मग हात पुढे केला
आणि मान वळवली.

ओला रुमाल खाली सरकवून एकेक.
नऊ वाढवल्या.
उजव्या हाताला मी बोट लावलं नाही.
तुकडे तिनं पदराला बांधून घेतले,
एकशेआठ येईतो गाठ चाचपत होती.

रात्री पुतळा पुसायला घेतला,
कपाळ, उघडं तोंड, छाती.
पहिल्यांदाच लक्षात आलं,
त्याला हातच नाहीत.