जागच्या जागी जिंतूर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला.
रोज पाऊण तास, घाम येईस्तोवर.
मी म्हटलं, बाई, घाम तर परभणीत बसल्या बसल्या येतो.
त्या हसल्या नाहीत. कागदावर साखरेचा आकडा होता
आणि त्याखाली दोन रेघा.

चोवीस वर्षं जिंतूर गाडीला कंडक्टर होते मी.
उभी. एक हात दांडीला, एक तिकिटांत.
पायाखालची जमीन पुढं पळायची
आणि मी तिथंच.
पोटऱ्यांत निळ्या शिरांचा नकाशा उगवलाय त्याचा,
फाटे-बिटे सगळे.

बाहेर चालावं तर पहाटे कुत्री,
नऊपासून ऊन,
संध्याकाळी ओळखीचे:
"काय प्रयागताई, गाडी चुकली का?"

म्हणून स्टेशन रोडच्या दुकानात गेले.
लोहियांच्या पोरानं आधी मोटरचीच दाखवली.
"बटण दाबा, पट्टा आपोआप फिरतो.
अठ्ठावीस हजार. हप्ते पाडून देतो."
आपोआप पळणाऱ्यावर निम्मं आयुष्य काढलंय रे बाबा,
आता मी चालले तरच चालंल असं काही दाखव.
शिवाय आमच्या गल्लीतली लाईट
सांगून जात नाही.

मग त्यानं मागची ताडपत्री काढली.
बिनमोटरच्या तीन.

पहिलीचा पट्टा इतका अरुंद
की मांडी मांडीला म्हणायची, जरा सरकून घ्या.
दुसरी साडेसहा हजारांची, हलकी,
पण फिरली की केकाटायची;
आमच्या खाली गुरुजी राहतात, त्यांच्या शिकवण्या असतात.
आणि बाजूला बारीक अक्षरांत: वजन ऐंशी किलोपर्यंत.
मी काही बोलले नाही.
पोरगाही खाली बघत राहिला.

तिसरीला पुढं जाड लोखंडी चाक,
थोडा चढ, कायमचा.
पर्स काउंटरवर ठेवली, चपला काढल्या,
दांडी धरली.
हाताला सगळं आठवलं.
पहिलं पाऊल जड, ढकलून चालू करायच्या गाडीसारखं,
मग पट्टा सुटला.
थांबले, तर थांबला.
एवढा ऐकणारा रस्ता जन्मात पाहिला नव्हता मी.

अकरा सांगितले, नऊ हजार आठशेला दिली,
वर तेलाची बाटली आणि मीटरचे दोन सेल.
टमटममध्ये आडवी घालून आणली,
जिन्यात तिघं लागले.
शिलाई मशीन होती त्या कोपऱ्यात उभी केली,
तोंड खिडकीकडं.
खिडकीत काय, शेजारच्यांची टाकी
आणि साडीवर वाळणाऱ्या कुरडया.

पहिल्या दिवशी सातशे मीटर.
वहीत लिहिलं, वे-बिल भरावं तसं:
प्रवासी एक. उत्पन्न निरंक.
बेरीज रोज पुढं नेते.
टाकळी अकराव्या दिवशी गेली.

मुनीरभाईंचा फोन येतो कधीमधी.
अकरा वर्षं स्टिअरिंग त्यांचं, घंटी माझी.
"ताई, कुठं पोचायलात?"
झरीच्या अलीकडं, म्हणते, पुलापाशी.
"सावकाश घ्या. तिथं खड्डा हाय."
खड्डा बुजून जमाना झाला, दोघांनाही माहीत आहे.
तरी त्या संध्याकाळी पाऊल जरा जपूनच पडलं.

काल लाईट गेली.
पंखा थांबला, टाकी दिसेना,
खालच्या पोरांनी आनंदानं आरडाओरडा केला.
पट्टा चालूच होता.
घाम कानामागून उतरत होता
आणि झरीच्या फाट्यावर, अगदी तिथंच,
दुधाची किटली घेतलेली एक बाई
हात दाखवत उभी होती.

माझा हात आपसूक वर गेला, दोरीकडं.
एकदा ओढली.
तिचं लुगडं दारातून नीट आत येईपर्यंत
थांबले.
मग दोनदा.